रोवणीच्या चालीवर विश्वासांगीकार

चंद्रपूर, पोरींचं वसतिगृह

माह्या मायले लेकीचा जय ख्रिस्त, आन् तुह्या देवालेही जोहार.

मी जिंकली, माय!

माही तब्येत बरी हाये. जेवण पोटभर भेटते. खोकला गेला, थोडासाच उरला हाये.

दृढीकरणात बिशप कपाळाले तेल लावतात. त्याच्या आधी विश्वासांगीकार ही लांब प्रार्थना पाठ असावी लागते. त्यात येशूले क्रुसावर देणाऱ्या पिलाताचं नाव येते, मी दरवेळी तिथीच अडकत होती. फादर म्हनले, "दीपाली, असंच राह्यलं तं तुह्यं दृढीकरण पुढच्या वर्षी."

मंग काल आंगण झाडता झाडता तेच शब्द तुह्या धानाच्या रोवणीच्या गाण्याच्या चालीवर म्हणून पाह्यले. धडाधड आले! आज फादरच्या समोर उभी राहून गायली, पिलातही चिखलातून पार झाला. साऱ्या पोरी माह्या मागून म्हणू लागल्या. फादर हसले, "ही चाल कोण्या सिस्टरनं शिकवली?"

"सिस्टरनं नाई, माह्या मायनं," मी जोरात म्हनली.

आता रविवारी इथी बिशप येतात, त्याइच्यासमोरही आम्ही असंच गाणार.

बाबाचे गुडघे कसे हायेत? मोहफुलं वेचाले एकटी नको जाऊ. वाघ फिरून राह्यला म्हणतात.

तू नेहमी म्हणतेस, "तुह्या बाबाच्या चर्चमंधी माह्यं काय काम?" या रविवारी काम हाये. बाबासंगं ये आन् समोरच्या बाकावर बस. शब्द मी सांभाळते. पन शेवटची ओळ लांब हाये, माहा दम पुरत नाई. तिथी तू सूर धर, धानाच्या बांधीत धरतेस तसा.

तुह्याच गळ्याची,
दीपाली