नातालीनला टोचलेली सुई

जुळे सोलापूर,
रविवार

प्रिय लुइझा,

‘प्रिय’ लिहायचं मनात नव्हतं. पण पत्राची सुरुवात तशीच करायची, हे बेळगावच्या बोर्डिंगमध्ये सिस्टरनी आपल्या हाडांत मुरवलंय. तेवढंच समज. मी तुझ्यावर भयंकर संतापलेय.

आपली नात पाच महिन्यांची झाली आणि तिला अजून एकही लस टोचलेली नाही, हे मला काल कळलं. तेही तुझ्या रेश्मानं माझ्या सोमशेखरला रडत फोन केला म्हणून. तुमच्या शेजारच्या गावात घटसर्पानं एक मूल आजारी आहे म्हणे. आणि नर्सबाई तुमच्या वस्तीवर आल्या की तू बाळंतपणाला आलेल्या लेकीला आणि तान्ह्या पोरीला मागच्या दारानं रानात धाडतेस! वर फोनवर मलाच सुनावलंस, “तुमच्या पोरांवर करा की प्रयोग! आमी सिद्दी काय उंदीर हाय?” तुमच्या? माझ्या मुलाची ती पोर माझी कोणीच नाही? माझी विहीण झालीस तेव्हा अख्ख्या सोलापूरला सांगत सुटले होते, की माझी लुइझा आता कायमची माझी झाली. आमच्या भावकीतल्या बायका बारसंही व्हायचंय तोवरच बाळाच्या रंगावर आणि केसांवर बोलल्या, त्यांना मी दारातून परत पाठवलं. ते तुझ्या कानावर घातलं नाही. आज घालतेय, कारण आज तू त्यांच्याइतकीच परकी बोललीस.

तुझी भीती कुठून आली हे मला ठाऊक नसतं, तर एवढी चिडलेच नसते. बोर्डिंगमध्ये तुझे कुरळे केस विंचरताना माझ्या कंगव्याचे दात मोडायचे आणि तू म्हणायचीस, “लीला, तुझा कंगवा पण तुझ्यासारखाच रडका.” तेव्हाच कधीतरी ते संशोधक पाहुणे आले. आफ्रिकेतून कधीकाळी आलेल्यांची मुलं म्हणून तुम्हा सिद्दी मुलींनाच त्यांनी व्हरांड्यात उभं केलं. डोक्यांची मापं घेतली, ‘लस टोचतो’ म्हणाले आणि बाटल्यांत रक्त भरून नेलं. बदल्यात बिस्किटांचा एकेक पुडा. मला मिळाला नाही म्हणून मी रुसले, तर तू तुझ्यातला अर्धा मला दिलास. तुझी धाकटी बहीण नातालीन दंड चोळत सगळ्यांना सांगत होती, “मला लस झाली!”

पुढं सरकारी नर्स आल्या. आम्हाला खरी लस टोचली. तुम्हाला मात्र ‘यांचं झालंय’ म्हणून रांगेतून बाहेर काढलं. त्या पावसाळ्यात घटसर्पानं नातालीनचा गळा सुजला. तुझे वडील तिला खांद्यावर घालून घेऊन गेले, तेव्हा फाटकाशी ओरडले, “सुईनं मारली माझी पोर!” तेच वाक्य तू उशाशी घेऊन झोपलीस आणि आता सगळ्या वस्तीला शिकवतेस.

लुइझा, नातालीनला लसीनं मारलं नाही गं. त्या सुईनं नुसतं घेतलं, दिलं काहीच नाही. लस दिल्याचं खोटं सांगून तिला तसंच सोडलं, म्हणून ती गेली. आणि तू तुझ्या नातीला त्याच जागी नेऊन उभं करतेयस. याचा मला संताप आहे.

सोमशेखर काल म्हणाला, “आई, बारशाच्या पाळण्याच्या निमित्तानं दोघींना सोलापूरला आणतो. गुपचूप टोचून घेऊ. रेश्माच्या अव्वाला काय कळतंय?” तुला बोलले त्याच्या दुप्पट त्याला बोलले. सुईच्या नावाखाली तुझ्याशी एकदा खोटं बोलून झालंय. माझ्या घरातून ते पुन्हा होणार नाही. म्हणून हे पत्र. पाळणा सोलापुरात नको, तुझ्याच अंगणात करू. बुधवारी मी येतेय. दवाखान्यात पोर तुझ्या मांडीवर असेल. बाटलीवरचं नाव तू वाच, नर्सला हवं ते विचार, सुई देते की घेते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नाही म्हणालीस तर तुझ्या दारात बसून भांडेन, पण तुझ्या पाठीमागं काही करणार नाही. येताना बिस्किटांचा पुडा आणतेय. अर्धा तुझा.

रागावलेली, तरी तुझीच,
लीला