वाळू कुणी नेली

सिन्नमेडू,
आनी महिना, शुक्रवार

प्रिय अण्णा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? पुढच्या शुक्रवारी माझ्या पूंगोडीचे कान टोचायचेत, आणि तू निरोप काय धाडलास, तर "चोरांच्या अंगणात मी बसणार नाही." मग मामाच्या मांडीशिवाय टोचू का पोरीचे कान? काही वाटतं का तुला?

तुमचा किनारा खचतोय, आमचा रुंदावतोय, म्हणून माझा नवरा ट्रॅक्टरने तुमची वाळू पळवतो म्हणे. ऐकून डोकं फिरलं माझं. पण खरं सांगते, मलाही शंका आली. कितीतरी दिवस ट्रॅक्टरच्या चाकांवर डोळा ठेवला, यांच्या चपला झटकून पाहिल्या. काही सापडलं नाही.

मग फुटक्या कौलांचा लाल चुरा टोपलीभर घेतला आणि लाटेच्या तोंडाशी ओतला. शेजारची सेल्वी म्हणाली, "हिला वेड लागलंय." लागू दे. दक्षिणेचा वारा सुटला की लाट तिरपी चढते आणि सरळ उतरते. दर लाटेला तुकडे थोडे थोडे तुमच्या बाजूला सरकत गेले, आणि आपल्या दोन गावांमधल्या बंदराच्या दगडी बांधाशी अडकले. पलीकडे एक लाल ठिपका दिसेल तर शपथ! अरे, वाळू कुणी नेत नाही. ती आपली आपण तुमच्याकडे निघालेली असते, बांध तिला अडवतो. तुमच्याकडची मात्र पुढे जातच राहते, आणि मागून भर पडत नाही.

परवा जेवताना यांना हे सांगितलं. मला वाटलं, तुझा आरोप खोटा ठरल्याचा यांना आनंद होईल. हे म्हणाले, "हळू बोल."

"का?"

"बांध आणखी लांबवायचं ठरलंय, आपला किनारा अजून वाढेल. पंचायतीत सगळ्यांनी हात वर करून होकार दिला."

"तुम्हीसुद्धा? आणि अण्णाचं घर?"

"भात गार होतोय तुझा."

म्हणजे यांना ठाऊक होतं, अण्णा! सगळं ठाऊक होतं. तेव्हापासून यांच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

हे पत्र वहिनीला दाखवू नकोस. तिचा भाऊ आमच्या पंचायतीत बसतो. माझा आता कुणावर भरवसा उरला नाही.

तू येऊ नकोस. मीच येते. सोनार, सासूबाई, नणंदा आणि हे, सगळ्यांना तुझ्या दारात आणते. मामा हलत नाही म्हटल्यावर जातील कुठे? पोर तुझ्या मांडीवर बसेल तेव्हा उंबऱ्याशी आलेला समुद्र बघू देत यांना. मग पंचायतीत जाऊन हे नाही म्हणाले तर ठीक. नाहीतर मी आणि पूंगोडी परत जाणार नाही.

घर उभं आहे तोवर त्याच घरची,
वेदवल्ली