इतिहासाला ग्राफिक्स लागतं

२ जुलै
ॲडमिशन झाली. एम.ए., इतिहास. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा ऑफिसात प्रत्येकाने विचारलं होतं, आता काय करणार? आता कळेल म्हणावं. फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, मुलगा कुठाय, सही त्याची लागेल. विद्यार्थी मीच आहे, असं बजावलं. तो हसला नाही, हसू दाबलं. जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला, दाब मला बरोबर कळतो.
संकल्प : रोज चार तास वाचन. पण आधी लॅपटॉप. हत्याराशिवाय कामाला हात घालणं मूर्खपणाचं.

५ जुलै
जावयाला फोन केला. तो कॉम्प्युटरमधला. म्हणाला, बाबा, तुम्हाला टायपिंग करायचं आणि पीडीएफ वाचायच्या, कुठलाही साधा घ्या, काहीही चालेल. काहीही! स्वतःला बसायला खुर्ची घेताना महिनाभर घोळ घातला होता या माणसाने. सासऱ्याला काहीही चालतं. लेकीला फोन द्यायला सांगितला, तर ती म्हणते, तो बरोबरच सांगतोय. ठेवून दिला फोन. आपटूनच ठेवणार होतो, पण मोबाइल आहे.

७ जुलै
दिवसभर व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष : साधे लॅपटॉप अडकतात, गेमिंगवाले अडकत नाहीत. इतिहासात युद्धं असतात. युद्धं समजायला नकाशे लागतात. नकाशांना ग्राफिक्स लागतं. हे सगळं हिला शांतपणे समजावून सांगितलं. ही भाजी निवडत म्हणाली, गेमिंग म्हणजे खेळायचाच ना? म्हटलं, नाव तसं आहे गं. आता वॉशिंग मशीनमध्ये आपण नुसते कपडेच... उदाहरण पूर्ण झालं नाही, पण मुद्दा पोचला असावा.
एकच अट : लहानसा हवा. रोज पाठीवर न्यायचाय. माझ्या मणक्याचा विचार या घरात माझ्याशिवाय कोणी करत नाही.

१० जुलै
दुकान पहिलं. सेल्समन च्युइंगम चघळत म्हणाला, बोला काका, मुलासाठी का? म्हटलं, स्वतःसाठी. ऑफिससाठी का? नाही, युनिव्हर्सिटीसाठी. अच्छा, शिकवता! नाही, शिकतो. यावर त्याचं चघळणं थांबलं आणि त्याने मला सगळ्यात स्वस्त लॅपटॉपच्या रांगेकडे नेलं. तडक निघालो. काचेचं दार ढकलायचं होतं, मी ओढत राहिलो, म्हणून बाणेदारपणा थोडा लांबला. पण त्याला कळायचं ते कळलं.

१३ जुलै
दुकान दुसरं. गेमिंग लॅपटॉप म्हणून जे दाखवत होते ते एकेक इस्त्रीच्या टेबलाएवढे. लहान एकच होता. काळा, कीबोर्डखाली रंगीत दिवे. याचाच व्हिडिओ घरी पाहिला होता. त्यात शेवटी 'तोटे' असा एक लांबलचक भाग होता, तो पळवला. हल्ली लोक फार निगेटिव्ह झालेत. हातात घेऊन पाहिला. हलका. घेतला.
किंमत इथे लिहीत नाही. ही वही कपाटात असते आणि कपाट बायको आवरते.

१४ जुलै
खोका नीट रिकामा केला. तळाशी चार्जर. चार्जर कसला, वीट! लॅपटॉप एका हाताने उचलता येतो, याला दोन लागतात. दुकानात हा दाखवलाच नाही. मी विचारलं नाही, कबूल. पण गाडी घेताना चाकं आहेत का, असं विचारतो का कोणी? दुकानात फोन केला. वाट पाहा म्हणून गाणं लावून ठेवलं. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं.

२ ऑगस्ट
पहिला दिवस. मी आत शिरलो आणि वर्ग उठून उभा राहिला. मी हातानेच 'बसा' म्हणालो. चूक लक्षात आली तोवर सगळे बसले होते, मग मीही बसलो.
शिकवणाऱ्या मॅडम लेकीपेक्षाही लहान दिसतात. लॅपटॉप उघडला. दिवे लागले, आतला पंखा घोंघावू लागला. मॅडम बोलता बोलता थांबल्या. एक जण उठून खिडकीतून वर आकाशात विमान शोधू लागला. नाटकी कार्टा. मग बॅटरी संपली. प्लग वर्गात एकच, मागच्या कोपऱ्यात, मोडक्या बाकांच्या ढिगाशेजारी. तिथे जाऊन बसलो. मागून अख्खा वर्ग नजरेखाली राहतो. अभ्यासू माणसाला हीच जागा योग्य.
शेजारी एक मुलगी आहे. गळ्यात कायम हेडफोन. मनातल्या मनात तिचं नाव हेडफोनच ठेवलंय. तिने मोबाइल चार्ज करायला प्लग मागितला. नाही म्हणावं लागलं. आधी येईल त्याचा प्लग. नियम म्हणजे नियम.

९ ऑगस्ट
लॅपटॉपबरोबर एक गेम फुकट मिळालाय. मशीनची चाचणी म्हणून उघडला. बघतो तर काय, आम्हाला अभ्यासाला आहे तोच राजा, तेच राज्य, त्याच नद्या! याला योगायोग म्हणणारे म्हणोत. जावयाला कळवावंसं वाटलं, पण तो लायकीचा नाही.
पहिल्याच लढाईत हरलो. सेनापती दगाबाज निघाला. दुपारभर डोकं फिरलेलं होतं.

१९ ऑगस्ट
किल्ल्याला वेढा घातला होता. रसद तोडली, दोन बुरूज पाडले, शत्रू टेकीला आला. तेवढ्यात ही म्हणाली, ताट वाढलंय. म्हटलं, पाच मिनिटं. म्हणाली, अन्न गार होतंय. वेढा उठवावा लागला. माणसं मोठी का होत नाहीत, हे आमच्या घरी येऊन पाहावं. चिडून जेवलो. भाजी चांगली झाली होती, पण सांगितलं नाही.
वाचन : अद्याप सुरू नाही. मात्र विषयावर पकड आलेली आहे.

२८ ऑगस्ट
मॅडमनी प्रेझेंटेशन दिलं. दोघादोघांत करायचं. विषय : राजाची उत्तरेची मोहीम. माझी जोडी हेडफोनशी, कारण मागे आम्ही दोघंच. ती म्हणाली, काका, अर्धं अर्धं करू, मला चांगले मार्क हवेत, स्कॉलरशिप त्यावर आहे. म्हटलं, तू बाकीचे विषय बघ, हा माझ्यावर सोड. ती म्हणाली, नक्की ना? हा 'नक्की ना' मला खटकला. आयुष्यभर शहराला पाणी पाजलंय मी.

११ सप्टेंबर
जिंकलं! उत्तरेचं बंदर पडलं! हत्ती डावीकडून, घोडदळ मागून. स्क्रीनचे फोटो काढले आणि तेच स्लाइडवर टाकले. काय दिसतंय! हेडफोनचा फोन आला, आधी एकदा दाखवा ना म्हणाली. म्हटलं, वर्गातच बघ. विश्वास नावाची गोष्ट आजकालच्या मुलांत उरलेलीच नाही.

१८ सप्टेंबर
लिहायचं नव्हतं. पण राग कुठे तरी काढला पाहिजे.
सुरुवात उत्तम झाली. पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून बोललो. मोहीम, नदी, वेढा, हत्ती. वर्ग कान देऊन ऐकत होता. मधल्या बाकावरून एक पोरगा खिदळला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बंदर पडल्याची स्लाइड आली तेव्हा मॅडमनी हात वर केला. ही लढाई कुठली, काका?
उत्तरेच्या बंदराची, म्हटलं.
त्या म्हणाल्या, राजा बंदरापर्यंत पोचलाच नव्हता. वाटेतच तापाने गेला.
मी म्हणालो, माझ्याकडे तर जिंकला.
मग जे हसले ते! बाकांवर हात आपटून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे चित्र कुठून घेतलंत? तेव्हा मी पहिल्यांदा स्लाइडकडे नीट पाहिलं. कोपऱ्यात सोन्याच्या अक्षरांत लिहिलं होतं : शाब्बास, तुम्ही पुढच्या पातळीवर पोचलात.
तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. गडबडीत घरून चार्ज करून आणायचा राहिला होता.
हेडफोन माझ्या शेजारी उभी होती. तिने सगळा वेळ जमिनीकडे पाहिलं.

२० सप्टेंबर
कुलगुरूंना तक्रार लिहायला घेतली. विषय : वर्गातील अपुरे प्लग. मग खोडलं. विषय : विद्यार्थ्यांची असभ्य वर्तणूक. तेही खोडलं. लॅपटॉप कंपनीला लिहायचं ठरवलं, पण कुठला गुन्हा लावायचा ते सुचेना.
हेडफोन जिन्यात भेटली. मी आधीच बोलून टाकलं, मॅडमचं चुकलंच, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. ती म्हणाली, काका, तो गेम माझ्याकडेही आहे. मी पहिल्याच स्लाइडला ओळखला होता. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही इतके खूश दिसत होता.
भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

२२ सप्टेंबर
मॅडमच्या खोलीत गेलो. जाब विचारायलाच गेलो होतो. आत गेल्यावर म्हणालो, त्या मुलीचा यात काही संबंध नाही, स्लाइड सगळ्या माझ्या. मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, तिला एकटीला पुन्हा करू देते. आणि मी? त्या म्हणाल्या, तुम्हीही करा. पण आधी वाचून या.
जाब राहिलाच विचारायचा.

२७ सप्टेंबर
लायब्ररीतून पुस्तक आणलं. जाड. पंखा नाही, दिवे नाहीत. सकाळपासून वाचतोय. हिने दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं, बरं वाटत नाहीये का?
राजा खरंच मेला. तिसऱ्याच प्रकरणात, नदीच्या अलीकडे, एका तंबूत. हत्तींचा उल्लेखही नाही.
पुस्तकात एकूण चौदा प्रकरणं आहेत. पुढच्या अकरांत माझ्या ओळखीचं कोणीच नाही.