आबांची कवळी

१२ एप्रिल, शनि., धुळे
मायचं तोंड परत आलं. टाळू लालभडक, वर पांढरा थर. आबा गेल्यापासून तशीही चिमणीसारखी खाते, आता वरणभातही गिळवत नाही. त्यात शुगर. डॉ. बाई मलाच बोलल्या. कवळीवर बुरशी धरते, रोज घासा, दहा मिनिटं औषधाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, झोपताना तोंडात नको. अहो, करते ना सगळं! शिवायला आलेल्या ब्लाऊजांनासुद्धा क्लोरीनचा वास लागलाय. माय वर म्हणते, "तू दात धवस का भांडा?"

१७ एप्रिल, गुरु.
नमुने तपासून आले. कवळी स्वच्छ, तोंडात मात्र बुरशी भरलेली. डॉ. बाई म्हणाल्या, "घरात दुसरी कवळी आहे का?" मला हसूच आलं. रिक्षात बसल्यावर आठवलं. आबांची होती. त्यांना नेलं ते बोळक्या तोंडानेच. त्या गडबडीत कवळी कुठे गेली, कोणी पाहिलंच नाही.

२० एप्रिल, रवि.
दुपारी लाईट गेली. पंखा थांबला आणि मागच्या खोलीतून टक् टक् ऐकू आलं. आबा जेवताना त्यांची सैल कवळी वाजायची, अगदी तसंच. मी उठून मागे गेले.
माय पाटावर बसून भाकर खात होती. ओठ पुढे आलेले, हनुवटी लांब. क्षणभर ती माय वाटलीच नाही. देवघरामागे वाटीत पाणी, त्यावर साय धरल्यासारखा थर. म्हणजे आबांची कवळी इथे ठेवत होती!
मी ओरडले. ती शांत. "त्यासना दात काढी लिधात तुम्हीन. आते त्या कसा खातीन? मी जेवाडस त्यासले."

२२ एप्रिल, मंगळ.
फेकवेना. मग दोन्ही कवळ्या औषधात बुडवल्या. आबांची घासताना सुपारीचे डाग काही निघाले नाहीत. वेडी की काय मी.

२६ एप्रिल, शनि.
टाळूची लाली उतरली. डॉ. बाई खूश. माय मात्र रुसून बसलीय. "औषधना वास ई ऱ्हायना. त्या येतस नहीत आते." त्या म्हणजे आबा. जेवण पुन्हा बंद. काय करावं माणसाने!

२९ एप्रिल, मंगळ.
उद्या आखाजी. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरायची, आबांची ही पहिली. मायने माझे हात धरले. तिने असे हात कधी धरले नव्हते. "एक दिन औषध नको, बेबी." मी हो म्हणाले. डॉ. बाईंना कळलं तर जोड्याने मारतील.

३० एप्रिल, बुध.
घागर भरली. आंबा, सांजोरी ठेवली, पितरांच्या नावाने विस्तवावर घास ठेवून आगारी टाकली. माय आबांची कवळी लावून जेवायला बसली. दोन सांजोऱ्या खाल्ल्या! मला इतका आनंद झाला की डोळे भरले.
मग तिने घास तोंडात धरून माझ्याकडे पाहिलं. आवाज जाडा.
"बेबी, माले भ्याव वाटस. तुन्ही मायले सांगू नको."
आबांचं शेवटचं बोलणं हेच. आयसीयूत मी एकटीच होते त्यांच्याजवळ, माय सोनगीरला. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.
"नाही सांगत, आबा." तोंडातून निघूनच गेलं.
आता माय झोपलीय. कवळी तोंडातच. ओठाच्या कडेला रक्त दिसतंय. औषधाचं पाणी तयार करून ठेवलंय, उठून कवळी काढायलाच हवी. नाहीतर मायही जाईल हातची.
पण इतक्या भ्यालेल्या माणसाला परत कुठे पाठवू?