तिसरी जाऊ

प्रिय धाकटे,

खुशाली विचारत नाही. मुलाच्या घरी तू सुखात असणारच, तसं सांगूनच गेलीस. मी मात्र भयंकर चिडले आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "अहो ताई, ऐका तर" म्हणतेस आणि माझा राग तिथेच विरघळतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

काल सकाळी मिस्त्री आला, बरोबर एक अनोळखी माणूस. मला वाटलं, मशीन तपासायला आला असेल. तर तो माणूस सरळ आपल्या शिवणखोलीत शिरला, ओव्हरलॉक मशीनवरची चादर काढली आणि वाकून मोटर बघायला लागला. मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "धाकट्या बाईंनीच सांगितलंय. ताईंना आता झेपत नाही, गिऱ्हाईक बघून काढून टाका." मला झेपत नाही! गळ्यात टेप अडकवून मी दारात धडधाकट उभी, आणि यांचं बोलणं असं, जणू मी भिंतीवर हार घालून टांगलेली आहे. दोघांनाही पाणीसुद्धा न विचारता घालवलं. निघताना तो माणूस म्हणतो, "जुनंच आहे, कोण घेणार?" मी म्हटलं, "मीही जुनीच आहे, निघा."

जुनं तर ते घेतलं तेव्हाही होतं. कपड्यांचा तो कारखाना बंद पडला होता आणि मशीनं भंगारासारखी ओळीने मांडली होती. मी रंग बघत फिरत होते. तू मालकाला म्हणालीस, "चालवून दाखवा," आणि डोळे मिटून ऐकत राहिलीस. "कापडाची कड कापणारी सुरी बोथट झालीय, बाकी पोटात काही दुखणं नाही." आपले दोघे नवरे हसले होते, लोकांनी टाकलेलं घरात आणताय म्हणून. पहिल्यांदा चालवलं तेव्हा फळीवरचे डबे थरथरले, आणि तू म्हणालीस, "घ्या ताई, तिसरी जाऊ आली. आता हिने बोलायचं आणि आपण ऐकायचं." त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरली. संध्याकाळी ब्रशने कापडाचा भुगा काढणं आणि तेल घालणं माझ्याकडे. दोरे आणि त्यांचा ताण तुझ्याकडे. नवा रंग हवा असला की जुना दोरा रिळाशी कापायचा, नव्याला गाठ मारायची आणि हळूच ओढून घ्यायचा. सुईखाली दोरा गुंफणाऱ्या त्या खालच्या लूपरची वाकडी वाट नव्याने शोधावीच लागली नाही. प्रत्येक रंग आधीच्या रंगाचं बोट धरून गेला.

काल पुढचं झाकण उघडलं, तर आत एकही दोरा नाही. जाताना सगळं ओरबाडून नेलंस की काय, असं वाटलं. विकायचं म्हणून असं नागवं केलंस? रागाच्या भरात चिमटा घेऊन ओवायला बसले. सुईत आधी ओवलं, मग खालच्या लूपरमध्ये, आणि पहिल्याच फेऱ्यात दोरा तुटला. तेव्हा तुझं ओरडणं आठवलं: "सुई शेवटी, ताई!"

मिशनच्या शाळेत सिस्टर शिवण तपासताना कापड आधी उलटं करायच्या, सुलट बाजूकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. ती सवय अजून गेलेली नाही. मशीन कलतं केलं आणि खाली हात घातला. भुग्यात दोऱ्यांचे तुकडे होते, मूठभर. प्रत्येकाचं टोक ओठात धरून चपटं केलेलं. लूपरभोवती पत्र्यावर चिमट्याचे ओरखडेच ओरखडे. विकण्यासाठी काढलेले दोरे असे नसतात, धाकटे. हे ओवायला घेतलेले आणि न ओवले गेलेले दोरे होते.

मग एकेक आठवत गेलं. "ताई, हा निळा की काळा? मेला उजेडच नाही इथे." खुर्ची खिडकीशी सरकवलीस. मी भोळसटपणे मोठा दिवा आणून दिला आणि तू वर माझे आभार मानलेस! दिसत तुला नव्हतं, आणि झेपत मला नाही म्हणून गावभर सांगितलंस. माझ्या नावाआड लपलीस. बरं, लपायचं तर माझ्या पदराआड लपायचं होतंस! मी काय परकी होते? या गोष्टीचा राग मशीनच्या रागाहून मोठा आहे आणि तो इतक्यात जायचा नाही.

संध्याकाळपर्यंत खटपट करून ओवलं मी. सोबत शिवणीची पट्टी पाठवते आहे. बघू नकोस, बोट फिरव. एका कडेला दोरा सैल आहे. तो ताण कानाने ओळखायचा असतो आणि तो कान माझ्याकडे नाही. तू परत ये, मी ओवीन, तू ऐक. पण त्याआधी एक काम आहे, आणि त्यासाठीच फोन न करता पत्र लिहिलं. फोनवर तू "काही नाही हो ताई" म्हणून मला उडवून लावलं असतंस. पत्र मात्र तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावंच लागणार. तेव्हा सूनबाई, तूच वाचते आहेस ना? आता सासूकडे बघ, ती हातातून कागद ओढायला येईल. देऊ नकोस. उद्याच हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
ताई