वरच्या गॅलरीचा कठडा

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी अंगणात धपकन आवाज. वाटलं, वरून गादी पडली. जाऊन पाहते तर ऊर्मिलाजी. वरची किरायेदार अनामिका, तिची आई. सागरहून चार दिवसांसाठी आलेली. चादर वाळत घालताना टेकल्या आणि गॅलरीच्या कठड्यासकट खाली. शुद्धीवर होत्या. "पैर नहीं हिल रहा," एवढंच म्हणून राहिल्या होत्या.
अ. बँकेतून धावत आली. माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग आईजवळ फरशीवर बसली.

८, शनि.
खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी ऑपरेशन.
हे म्हणाले, "उद्या वेल्डर बोलावतो. वरच्यांनी फोटो काढायच्या आत कठडा ठीक करून घेऊ." जन्मभर फॅक्टरीत सेफ्टी पाहिली यांनी!
यांना माहीत नाही. अ.ने पावसाळ्यात मला सांगितलं होतं. एकदा जिन्यात, एकदा चहा पिताना. "आंटी, रेलिंग हिलती है." दोन्ही वेळा म्हटलं, देखते हैं. मग गणपती, मग पाहुणे, मग विसरले.
नाही. विसरले नव्हते.

९, रवि.
रिछाईच्या कारखान्यांकडून वेल्डर आला. दारातूनच परत पाठवला. "भैया, आज नहीं."
हे आतून ओरडले, "काहून पाठवलं त्याला?"
म्हटलं, त्यांना काय फोटो काढायचे ते काढू द्या.

१२, बुध.
हॉस्पिटलमध्ये गेले. हे आले नाहीत. ऊर्मिलाजींनीच माझा हात धरला. "रोज तालाब का एक चक्कर लगाती थी, बहनजी." ते 'थी' ऐकलं.
बाहेर अ. म्हणाली, "मैंने आपसे कहा था न, आंटी?"
"हां."
ती रडली नाही. "वकील से बात की है. बुरा मत मानना."

२१, शुक्र.
नोटीस आली. माझ्या नावानं, कारण घर माझ्या नावावर. कठडा धोक्याचा आहे हे माहीत असूनही घरमालकिणीनं दुरुस्त केला नाही, म्हणून भरपाई. यात खोटं काय आहे?
रोहितचा पुण्याहून फोन. "आई, तिच्याकडे लेखी काही आहे? नाही ना? मग तिनं सांगितलंच नाही." माझाच मुलगा. किती पटकन सुचलं त्याला.

२३, रवि.
यांच्या ओळखीचे वकील दुबेजी घरी आले. उत्तराचा मसुदा वाचून दाखवला. "मुझे इसकी कोई सूचना नहीं थी."
मी म्हटलं, "थी."
दुबेजींनी पेनाला टोपण लावलं. "बहनजी, ये मैंने नहीं सुना."
ते गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "मला काहून नाही सांगितलं?"
सांगितलं असतं तर त्याच दिवशी पाना घेऊन वर गेले असते.

२५, मंगळ.
मसुदा टाइप होऊन आला. वाक्य तसंच. मी ते खोडलं, वर लिहिलं, 'दो बार बताया गया था.'
यांनी वाचलं. चष्मा काढला. "असंच देशील?"
"हो."
"घर जाईल यात?"
"माहीत नाही. तुम्हाला भीती वाटते?"
"तुला नाही वाटत?"
वाटते. फार वाटते. सही अजून केलेली नाही. उद्या दुबेजी कागद न्यायला येतील. खोडलेलं वाक्य खोडलेलंच आहे.