दोष बिटाचा

९ सप्टेंबर, सकाळी ६
लघवी लाल. घाबरण्यासारखं काही नाही. काल चर्चच्या जेवणात बायकोने, मार्लिसने, मुरवलेलं बीट मीच संपवलं.

११ सप्टेंबर
अजून लाल. म्हणून आज पुन्हा बीट खाल्लं. आता कारण पक्कं.

२० सप्टेंबर
पाठीत उजवीकडे कळ. शाळेची बस चालवतो, तिची सीटच भिकार, नवी मागायची. मार्लिस म्हणते, तेच बीट मीही खाते, मला का नाही होत? बायकांच्या शरीराची रचना वेगळी असते, असं समजावलं. ती तीस वर्षं नर्स होती. तरी बिचारीने ऐकून घेतलं.

२ ऑक्टोबर
पुन्हा हॉस्पिटलच्या नावाचं पाकीट. चार वर्षांपूर्वी पायात रक्ताची गाठ झाली. ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची जाळी बसवली. टीव्हीवर वकील ओरडत असतात: जाळीचा त्रास होतोय? दावा ठोका! हे पाकीट त्यांचंच. न फोडता ड्रॉवरमध्ये, बाकीच्या सहांवर. मी फसणारा नव्हे.

१९ ऑक्टोबर
ताप. हुडहुडी. डॉक्टरकडे ४ नोव्हेंबरनंतर. त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते, एकतीस वर्षांत एकदाही चुकवली नाही. बीट बंद.

२६ ऑक्टोबर
बीट बंद होऊन आठवडा. लाल ते लालच. बीट अंगात मुरतं, हे कुणी सांगत नाही. मार्लिस रडली. उगाच.

४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०
मचाणावर. उणे सहा. कळ अजिबात नाही. म्हटलं नव्हतं?
७:४०. मोठ्या शिंगांचं हरीण आलं. मला उठताच येईना. ते बघत उभं राहिलं.

११ नोव्हेंबर, हॉस्पिटल
उजवी किडनी काढली. जाळीची एक तार शिरेबाहेर येऊन मूत्रनलिकेत घुसली होती. लघवी तुंबून किडनी सडली. सर्जनबाई म्हणाल्या, वेळेवर आला असतात तर जाळी मानेतल्या शिरेतून काढून संध्याकाळी घरी सोडलं असतं.

मार्लिसने सातही पाकिटं फोडून वाचून दाखवली. सगळी हॉस्पिटलचीच. जाळी तात्पुरती आहे, काढायला या. सातव्यात लिहिलंय, उत्तर नाही, म्हणून तुमचं नाव यादीतून कमी करतोय.

मी म्हटलं, भाषा तरी वकिलाचीच वाटते. ती हसली नाही. मग मलाच रडू आलं.

घरी तिने बिटाच्या सगळ्या बरण्या फेकून दिल्यात म्हणे. बिटाचा काही दोष नव्हता.